मडफ्लॅपचा कायदा आणि टेपची गफलत: ट्रक-ट्रेलरवाल्यांनो, या चुका टाळा

एक ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. मागच्या चाकांमागे रबरी फ्लॅप लटकतोय, जमिनीपासून बरोबर ९ इंच वर. नवा कोरा, कुठे फाटलेला नाही, बोल्ट घट्ट. हा कायद्यात बसतो का? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ही उंची चालते. टेक्ससमध्ये चालत नाही. ओहायोत चालेल किंवा चालणार नाही, फ्लॅप चाकापासून किती लांब टांगलाय त्यावर ते ठरेल. आणि युरोपात उंचीच्या जोडीला त्या फ्लॅपची चाकाकडची बाजू गुळगुळीत आहे का, हेही बघतील. म्हणजे फ्लॅप तोच, पण उत्तरं चार.

मडफ्लॅपबाबतच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. कुणीतरी सांगितलेला एक आकडा लोक वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरतात: 'आठ इंच ठेव, कुणी अडवत नाही.' आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. कुठल्या कायद्यातला, कुठपासून कुठपर्यंत मोजलेला, आणि गाडी रिकामी असताना की भरलेली, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

'आठ इंचाचा नियम' सगळीकडे लावणं

अमेरिकेपासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथलाच आहे. पहिला गैरसमज असा की मडफ्लॅपचा एखादा देशव्यापी नियम असेल. तसा तो नाही. व्यावसायिक वाहनांच्या भागांबद्दलचे संघीय नियम ज्यात आहेत, त्या भाग ३९३ मध्ये ब्रेक, दिवे, टायर, आरसे सगळं येतं, पण ट्रक-ट्रेलरला मडफ्लॅप हवाच असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. हा विषय राज्यांचा. आणि प्रत्येक राज्याने तो आपापल्या पद्धतीने सोडवला आहे.

टेक्ससचा नियम जमिनीपासून मोजतो. सर्वांत मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किमान चार टायर असतील, किंवा रुंद 'सुपर सिंगल' प्रकारचे दोन असतील, तर शेवटच्या चाकांमागे फ्लॅप हवा आणि तो रस्त्यापासून ८ इंचांच्या आत यायला हवा. ट्रकला ट्रेलर जोडलेला असेल तर मोजायचं ते सर्वांत मागच्या वाहनाच्या मागे.

ओहायोला इंच सांगायचेच नाहीत, तिथे प्रमाण आहे. शेवटच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून फ्लॅपपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फट फ्लॅपखाली राहता कामा नये.

वॉशिंग्टन राज्य जमिनीकडे बघतच नाही. तिथे फ्लॅप टायरइतका रुंद हवा आणि खाली निदान अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत आला पाहिजे, एवढंच. कॅलिफोर्नियाने तर उंचीचा आकडाच दिलेला नाही. मागे उडणारं पाणी आणि चिखल परिणामकारकपणे कमी झालं पाहिजे आणि आडोसा टायरच्या नक्षीइतका तरी रुंद हवा, असं ते म्हणतं. आकडा नाही म्हणजे मोकळीक आहे, असं वाटतं. मला उलट वाटतं. आकडा असला की टेप काढून वाद मिटतो. 'परिणामकारकपणे' या शब्दाचा टेप कुणाकडेच नसतो.

आता ओहायोचं गणित जरा करून बघू, कारण गंमत तिथेच आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकचा टायर साधारण ४० इंच व्यासाचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यापासून टायरच्या मागच्या कडेपर्यंत २० इंच. फ्लॅप टायरपासून ४ इंच मागे टांगला तर एकूण अंतर २४ इंच, त्याचा तिसरा हिस्सा ८. योगायोगाने टेक्ससशी जुळलं. पण तोच फ्लॅप ७ इंच मागे असेल तर अंतर २७ आणि परवानगी ९ इंचांची. ओहायोत पास, टेक्ससमध्ये नापास. आता फ्लॅप टायरला जवळजवळ चिकटवून, फक्त १ इंच मागे ठेवा. अंतर २१, परवानगी ७. इथे ८ इंचांवरचा फ्लॅप टेक्ससमध्ये चालतो आणि ओहायोत अडकतो. 'कडक राज्याचा नियम पाळला की बाकी सगळीकडे चालतं' ही समजूत म्हणून फसवी. कुठलं राज्य कडक, हे तुमच्या ब्रॅकेटच्या जागेवर अवलंबून आहे.

हे एक तृतीयांशाचं प्रमाण उगाच काढलेलं नाही. टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा बरोबर अ‍ॅक्सलच्या मध्याखाली असते. तिथून फ्लॅपच्या खालच्या कडेपर्यंत रेषा ओढली तर ती जमिनीशी साधारण १८ अंशांचा कोन करते. त्या कोनापेक्षा उंच उडालेला खडा फ्लॅपवर आदळतो, त्यापेक्षा सपाट निघालेला खालून निसटतो. फ्लॅप जवळ आणला तर तोच कोन राखायला तो खाली यावा लागतो, लांब नेला तर थोडा वर चालतो. इंचांच्या नियमाला हे कळत नाही, प्रमाणाच्या नियमाला कळतं. दोन्ही ठिकाणी निभावायचं असेल तर सोपा उपाय असा: दोन्ही आकडे काढायचे, लहान तो धरायचा आणि त्याच्याही खाली अर्धा-पाऊण इंच जायचं.

जुनी गोष्ट, पण उपयोगाची

राज्याराज्यांचे हे वेगळे नियम एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात भांडले आहेत. इलिनॉय राज्याने ट्रक आणि ट्रेलरच्या मागच्या चाकांना सरळ लटकणारे फ्लॅप नव्हे, तर चाकाच्या गोलाईबरोबर वळणारे मडगार्ड सक्तीचे केले. त्याच वेळी निदान ४५ राज्यांत सरळ फ्लॅप कायदेशीर होते, आणि आर्कान्सामध्ये तर सरळच हवेत असा नियम होता. म्हणजे इलिनॉयमधून आर्कान्सात जाणाऱ्या ट्रेलरने दोन्ही कायदे पाळायचे तर वाटेत थांबून मडगार्ड बदलायचे. एक मडगार्ड बसवायला किंवा काढायला दोन ते चार तास लागतात आणि वेल्डिंगही करावं लागतं, असं खटल्यात पुढे आलं. ट्रेलरमध्ये स्फोटकं असतील तर ते वेल्डिंग कोण करणार?

नवाहो फ्रेट लाइन्स ही या खटल्यातली कंपनी. १९५९ मध्ये न्यायालयाने इलिनॉयचा नियम रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलं. राज्यांना रस्तासुरक्षेचे नियम करण्याचा अधिकार आहे हे न्यायालयाने मान्यच केलं होतं. पण या एका नियमाचं ओझं आंतरराज्य व्यापारावर फार पडतं, असं ते म्हणाले. त्यातली एक तांत्रिक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गोल मडगार्डमुळे ब्रेक ड्रमभोवती उष्णता साठते आणि ब्रेकचा जोर कमी होतो, शिवाय मागे घेताना ते आपटून सुटून रस्त्यावर पडू शकतात, असं कनिष्ठ न्यायालयाला पुराव्यात दिसलं होतं. चाक जास्तीत जास्त झाकलं की जास्तीत जास्त सुरक्षित, असं समजून स्वतःच पत्रे ठोकून चाकाला पेटीत बंद करणारे लोक आजही दिसतात. त्यांनी हा भाग लक्षात ठेवावा.

या निकालाने सगळीकडे एकच नियम आला असं मात्र नाही. पुढे १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्यात अमेरिकी संसदेने ट्रकच्या तुषारांवर देशव्यापी मानक करायला सांगितलं. संबंधित यंत्रणेने चाचण्या घेतल्या आणि १९८८ मध्ये ते काम थांबवलं, कारण पाठीमागच्या चालकाला नीट दिसेल इतका आणि भरवशाचा फरक पाडणारं साधन सापडत नव्हतं. म्हणून तिथे आजही राज्यांचीच बाराखडी चालते.

रिकाम्या गाडीचं माप आणि भरलेल्या गाडीचं माप

ही सर्वांत महागात पडणारी चूक. फ्लॅप बसवताना गाडी कशी उभी होती, हे कुणी लिहून ठेवत नाही. माल भरलेला असताना स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात. तेव्हा ८ इंचांवर टांगलेला फ्लॅप माल उतरवल्यावर गाडी उचलली गेली की १०-११ इंचांवर जातो. चालक म्हणतो, 'मी तर मोजून लावला होता.' मोजला होता, पण ज्या क्षणी फट सर्वांत लहान असते त्या क्षणी.

ओहायोचा नियम इथे शब्दांची चैन करत नाही: भार कसाही असो, प्रमाण पाळलंच पाहिजे. म्हणजे व्यवहारात रिकाम्या गाडीवर मोजायचं. युरोपातली पद्धतही रिकाम्या गाडीचीच. गाडी चालू स्थितीत, माल नसलेली, पुढची चाकं सरळ, टायरमध्ये नेहमीची हवा, आणि सेमीट्रेलर असेल तर मालाचा तळ आडवा समतल. आणि जिथे नियम भाराबद्दल गप्प आहे, तिथे तपासणाऱ्याच्या हातात टेप येईल तेव्हा गाडी जशी असेल तशी. ती रिकामी परतत असण्याची शक्यता तुम्हालाच माहीत.

माझी पद्धत अशी. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करायची. उतारावर किंवा खडीवर नाही. ट्रेलर एकटा टेकूवर उभा असताना मोजू नये. ट्रॅक्टरला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, जोडूनच मोजावं, कारण ट्रॅक्टरच्या जोडचकतीची उंची बदलली की ट्रेलरचं शेपूट वर-खाली होतं. एअर सस्पेन्शन असेल तर इंजिन चालू ठेवून हवा पूर्ण भरू द्यायची, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर स्थिरावली की मगच वाकायचं. रात्रभर उभ्या गाडीतली हवा उतरलेली असते, तिच्यावरचं माप तुम्हाला खूश करेल पण वाचवणार नाही. टेप फ्लॅपच्या खालच्या कडेच्या सर्वांत उंच बिंदूला लावायचा. कोपरा फाटला असेल, कड वळून वर गेली असेल, तर तोच बिंदू. दोन्ही बाजू मोजायच्या. मग गाडी भरल्यावर पुन्हा एकदा, या वेळी फ्लॅप जमिनीला घासत तर नाही ना हे बघायला.

एक गोष्ट जुन्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. नवे टायर घातले की गाडी उंच होते. झिजून बाद झालेल्या आणि नव्या टायरमध्ये नक्षीच्या खोलीचाच अर्ध्या इंचाच्या आसपास फरक असतो. काठावर पास होणारा फ्लॅप टायर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी नापास होतो, आणि फ्लॅपला तर कुणी हातही लावलेला नसतो.

रुंदीकडे काणाडोळा

उंची सगळे बघतात, रुंदी फार थोडे. कॅलिफोर्नियात आडोसा टायरच्या नक्षीइतका रुंद हवा, वॉशिंग्टन आणि ओहायोत टायरइतका. जोड टायर असतील तर दोन्ही टायर आणि मधली फट मिळून होणारी रुंदी धरायची. मधली फट सोडून चालत नाही, कारण तिच्यातच अडकलेला दगड सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा मागे जातो.

नेहमीचा प्रसंग असा की एका अ‍ॅक्सलवर रुंद सिंगल टायर होते, नंतर जोड टायर घातले, ब्रॅकेट आणि फ्लॅप जुनेच राहिले. बाहेरचा टायर दोन इंच उघडा. किंवा फ्लॅप दिव्याला अडतो म्हणून कुणीतरी कात्रीने एक कोपरा कापला. कापलेल्या जागेइतकी रुंदी गेली. फाटलेल्या फ्लॅपचंही तसंच. अर्धा फ्लॅप म्हणजे फ्लॅप आहे असं धरलं जात नाही.

युरोप आणि ब्रिटन: रबराचा तुकडा पुरेसा नाही

अमेरिकेत फ्लॅपने मुख्यतः दगड-चिखल अडवायचा. युरोपात त्याने धुकं अडवायचं असतं, आणि हा फरक समजून घेतला की तिथले सगळे विचित्र वाटणारे नियम समजतात.

पावसात ट्रकमागे उडतो तो पांढरा लोट म्हणजे नुसतं पाणी नव्हे. टायरच्या खाचांनी उचललेलं पाणी वेगाने बाहेर फेकलं जातं आणि कुठल्यातरी कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर आपटून त्याचे बारीक कण होतात. तो पृष्ठभाग बऱ्याचदा फ्लॅपच असतो! गुळगुळीत रबराने मोठे थेंब अडवले, पण त्यांचा चुरा करून हवेत सोडला. मागच्या गाडीचे वायपर मोठ्या थेंबांना पुरे पडतात, या चुऱ्याला पडत नाहीत. म्हणून तिथल्या फ्लॅपची चाकाकडची बाजू गवतासारख्या प्लास्टिकच्या काड्यांची किंवा खोल उठावाची असते. पाणी तिच्यात शिरतं, जोर मरतो आणि ते खाली गळून जातं. दुसरा प्रकार हवा आरपार जाऊ देतो आणि पाणी रोखतो.

युरोपीय संघात १९९१ च्या निर्देशापासून हे नियम आहेत. मग २०११ चा १०९ क्रमांकाचा नियम आला आणि आता ते २०२१ च्या ५३५ क्रमांकाच्या नियमात आहेत. ढोबळ मापं अशी: फ्लॅपची खालची कड जमिनीपासून २०० मिलिमीटरपेक्षा वर नको. शेवटच्या अ‍ॅक्सलला ही मर्यादा ३०० पर्यंत जाऊ शकते, पण बाजूची झालर, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या अंगाचा आडोसा, पुरेशी खाली उतरलेली असेल तरच. लोक ३०० चा आकडा उचलतात आणि झालरीची अट विसरतात. फ्लॅप टायरच्या मागच्या कडेपासून आडवा ३०० मिलिमीटरपेक्षा लांब नको. ओहायोत लांब टांगून फट वाढवायची जी युक्ती चालते, ती इथेच संपते.

फ्लॅप फडफडून मागे जाऊ नये यासाठीही माप आहे. फ्लॅपच्या रुंदीच्या दर १०० मिलिमीटरला ३ न्यूटन या हिशोबाने, खालच्या कडेपासून ५० मिलिमीटर वर जोर लावला, तर तो १०० मिलिमीटरपेक्षा जास्त मागे झुकता कामा नये. ऐकायला प्रयोगशाळेतलं वाटतं, पण घरच्या घरी करता येतं. ६०० मिलिमीटर रुंद फ्लॅपला १८ न्यूटन, म्हणजे साधारण १.८ किलोचा ओढा. मासे तोलायचा स्प्रिंग काटा अडकवून ओढा आणि मागे पट्टी धरा. पातळ, स्वस्त फ्लॅप कुठवर जातो ते बघून थक्क व्हाल.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या वाहनबांधणी आणि वापराच्या नियमांतलं ६३ वं कलम चाकांवरच्या मडगार्डचं आणि ६४ वं तुषार रोखण्याचं. तुषारांचं कलम १२ टनांवरच्या, १ एप्रिल १९८६ पासून रस्त्यावर आलेल्या मालमोटारींना आणि ३.५ टनांवरच्या, १ मे १९८५ पासून बनलेल्या ट्रेलरना लागतं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद जाऊ शकते अशा गाड्यांना ६४ मधून सूट आहे. ही सूट ६४ मधून आहे, ६३ मधून नव्हे. 'आमची फोर-व्हील ड्राइव्ह आहे' म्हणून मडगार्डच काढून टाकणारा माणूस दोन कलमं एक समजतो.

या फ्लॅपांबाबत दोन बावळट चुका वारंवार होतात. एक, उलटा बसवणं. काड्यांची बाजू मागे, गुळगुळीत बाजू टायरकडे, कारण मागून तसा 'छान दिसतो'. दुसरी, कधीच न धुणं. काड्यांमध्ये चिखल बसून वाळला की ते पुन्हा गुळगुळीत रबरच झालं. दाबाच्या पाण्याने टायरच्या बाजूने धुवा. काड्या झिजून टक्कल पडलं असेल तर बदला, धुऊन ती उगवत नाहीत.

उचलता येणारे अ‍ॅक्सल, सरकणारी बोगी

उचलता येणाऱ्या अ‍ॅक्सलबाबत युरोपीय नियम स्पष्ट आहे. अ‍ॅक्सल खाली असताना सगळी चाकं झाकलेली हवीत आणि तो उचलल्यावर जमिनीवर उरलेलीही. शेवटचा अ‍ॅक्सल उचलला की त्याच्या पुढचं चाक आता 'शेवटचं' होतं, आणि त्याचा फ्लॅप भलत्याच लांब राहतो. गाडी घेताना हे कुणी विचारत नाही.

सरकणाऱ्या बोगीचं, म्हणजे ट्रेलरखाली पुढे-मागे सरकणाऱ्या चाकांच्या चौकटीचं, दुखणं तेच. वजन वाटण्यासाठी चाकं पुढे सरकवली, फ्लॅप मात्र ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीला बोल्ट केलेले. मधे चार-पाच फुटांचं मोकळं मैदान. फ्लॅप बोगीच्या चौकटीलाच लावा, म्हणजे तो तिच्याबरोबर सरकेल.

फ्लॅपबरोबर गेलेली परावर्तक पट्टी

वर म्हटलं की अमेरिकेच्या संघीय नियमांत मडफ्लॅप सक्तीचा नाही. त्यातला एक आडवळणाचा काटा इथे आहे. १ जुलै १९९७ पासून बनलेल्या ट्रक-ट्रॅक्टरांच्या मागे लाल-पांढऱ्या परावर्तक पट्ट्या संघीय मानकानुसार हव्यातच. दोन पट्ट्या, प्रत्येकी किमान ६०० मिलिमीटर लांब, मागच्या मडगार्डच्या, फ्लॅपच्या किंवा फ्लॅपच्या ब्रॅकेटच्या कडेजवळ. पट्टी फ्लॅपवर चिकटवली असेल तर ती ब्रॅकेटच्या खालच्या कडेपासून ३०० मिलिमीटरपेक्षा खाली नको.

आता फ्लॅप फाटला. चालकाने वाटेतल्या गॅरेजमधून साधा काळा फ्लॅप घेऊन लावला. त्याला वाटलं, काम झालं. फ्लॅपचं झालं, पट्टीचं राहिलं. जुन्या फ्लॅपबरोबर ती कचऱ्यात गेली, आणि गाडी जी गोष्ट संघीय नियमात नाहीच तिच्यासाठी नव्हे, तर जी आहे तिच्यासाठी अडकली. म्हणून शक्य असेल तिथे पट्टी ब्रॅकेटवर किंवा मडगार्डवर लावावी. रबर वाकतं, पट्टीला भेगा पडतात आणि खालच्या भागावर चिखलाचा थर तर रोजचाच.

फ्लॅप टिकतच नाही, तेव्हा

पुन्हा पुन्हा फाटत असेल तर पहिला संशय रिव्हर्सवर घ्या. गाडी मागे घेताना चाक उलटं फिरतं आणि फ्लॅपची खालची कड टायर आणि फूटपाथच्या कडेमध्ये किंवा मऊ मातीच्या ढिगात सापडते. टायर तिला खाली ओढतो. रबर चिवट असेल तर ब्रॅकेट वाकतं, ब्रॅकेट चिवट असेल तर बोल्टची भोकं फाटतात. तळाशी स्प्रिंग असलेलं ब्रॅकेट इथे खरंच उपयोगी पडतं, कारण ओढ आली की ते झुकतं आणि परत येतं. फक्त ते आपल्या जागी पूर्ण परत आलंय का हे बघावं लागतं. स्प्रिंग मऊ झालं की फ्लॅप कायमचा तिरका लटकतो, आणि एका कोपऱ्याची फट वाढते.

भोकं फाटत असतील तर सुटे वॉशर लावत बसू नका. फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी मागे घाला आणि बोल्ट तिच्यातून आवळा, ताण सगळ्या भोकांत वाटला जातो.

फ्लॅपवर टायरच्या बाजूला काळा चकचकीत डाग दिसला तर टायर घासतोय. रिकामी असताना घासत नाही, भरल्यावर घासतो, म्हणून गॅरेजात सापडत नाही. पाट्यांची गाडी दबते तेव्हा अ‍ॅक्सल थोडा मागेही सरकतो, हे विसरलं जातं. ब्रॅकेट मागे न्या, पण नेल्यावर ओहायोचं आणि युरोपचं गणित पुन्हा करा.

एकाच बाजूचा फाटतो? ज्या बाजूला चालकाला आरशात कमी दिसतं ती बाजू बघा. किंवा धुराडं. गरम हवेच्या झोताजवळचा फ्लॅप कडेने मऊ होऊन वळतो. थंडीत काही प्लास्टिकचे फ्लॅप काचेसारखे तडकतात, तिथे रबर बरं.

वेगात फ्लॅप मागे उडून आडवा होत असेल तर जाड फ्लॅप, जाळीदार फ्लॅप किंवा मागून टेकू देणारी सळई. खालच्या कडेला लोखंडी वजन बांधणं हा जुना जुगाड. मला तो अजिबात आवडत नाही. बोल्ट ढिला झाला की ते वजन मागच्या काचेच्या दिशेने निघतं, म्हणजे ज्यासाठी फ्लॅप लावला नेमकं तेच.

डंपरवाल्यांची वेगळीच अडचण. खाली केलेल्या खडीत फ्लॅप गाडला जातो, गाडी पुढे निघते, फ्लॅप तिथेच राहतो. म्हणून ते साखळीने वर बांधतात आणि रस्त्यावर येताना सोडायला विसरतात. वर बांधलेला फ्लॅप कुठल्याही राज्यात फ्लॅप नाही. साखळीचा हूक चालकाच्या बाजूला, आरशात दिसेल असा लावला तर निम्मी विसरभोळेगिरी कमी होते.

सूट ताणून वापरणं

टेक्ससमध्ये एकट्या धावणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरला सूट आहे. 'एकट्या' म्हणजे मागे काही नाही. ट्रेलर जोडला की ट्रेलरच्या शेवटच्या चाकांमागे फ्लॅप हवाच, ट्रॅक्टरच्या सुटीचा त्याच्याशी संबंध नाही. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांखालच्या, म्हणजे साधारण ६८० किलोंखालच्या ट्रेलरना सूट आहे, आणि हे वजन रिकाम्या ट्रेलरचं. ओहायोत गाडीच्या बांधणीनेच किंवा मडगार्डने तेच काम होत असेल तर वेगळा फ्लॅप लागत नाही. पण 'तेच काम' म्हणजे तीच एक तृतीयांशाची फट आणि तीच रुंदी. टेप तिथेही लावावा लागतोच.

गाडीत एक जादा फ्लॅप, चार बोल्ट आणि पट्टीचा तुकडा ठेवला तर वाटेत निभावतं. बदलल्यावर मात्र नवा फ्लॅप जुन्याच भोकांवर बसतो म्हणून उंची तीच आली असं धरू नका. बाजारातले फ्लॅप २४, ३० आणि ३६ इंच उंचीचे मिळतात, आणि वाटेतल्या दुकानात असेल तोच मिळतो. २४ चा तुकडा ३० च्या जागी टांगला की फट थेट सहा इंचांनी वाढली.